आठ स्टोन दहा

“हात काढ खुर्चीवरचा.”

मिस्टर ऑक्सली वजनाच्या खुर्चीत बसले होते, टाय लावून. आमच्या वृद्धाश्रमात महिन्याच्या वजनाला टाय लावून येणारा हा एकच माणूस. मी मागे उभी होते. माझा हात खुर्चीच्या पाठीवर रेललाय हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

“चाळीस वर्षं रेसकोर्सवर जॉकींची वजनं केलीत मी, मॉरीन. पायाचा अंगठा जमिनीला टेकवून हलके होणारे पाहिलेत, शिशाच्या पट्ट्या मोज्यात लपवून जड होणारेही. तू मला काय फसवणार, पोरी?”

“मी कशाला तुमचं वजन पळवू? माझंच मला उचलत नाही.”

हसले नाहीत. काट्याकडे बघत राहिले. “आठ स्टोन एक पौंड. ऑक्टोबरात आलो तेव्हा आठ स्टोन दहा होतो. तीन महिन्यांत नऊ पौंड गेले. डॉक्टरला का बोलवत नाही तुम्ही?”

नियम मलाही पाठ होता. तीन महिन्यांत अर्धा स्टोन, म्हणजे सात पौंड उतरले की डॉक्टर. मी ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरवर आकडा टाकला आणि वरची ओळ बघितली: टिंबाआधी स्टोन, टिंबापुढे पौंड. ऑक्टोबर ८.१. जानेवारी ८.१. खाली हिरव्या अक्षरांत: वजन स्थिर.

“आलात तेव्हाही आठ स्टोन एकच होतात,” मी त्यांना सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्याच मोज्यात शिसं सापडलं होतं.

खरं सांगते, मला त्यांचा वैताग आला होता. त्यांना सगळ्यांचा संशय. दुधात पाणी घालतात, माझं कस्टर्ड स्वयंपाकघरातच कुणीतरी खातं, नोंदी खोट्या, कामावरच्या बायका खोट्या. आमच्या व्यवस्थापक मिसेस पिंडर म्हणायच्या, “जॉकींनी डोकं फिरवलंय म्हाताऱ्याचं. मान डोलवायची आणि पुढे जायचं.” मी तीन महिने मान डोलवत होते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते म्हणाले, “साखरेची पिशवी आण. न फोडलेली.”

“कशाला?”

“आण म्हटलं ना.”

किलोची पिशवी आणली. ती मांडीवर घेऊन ते खुर्चीत बसले. काटा दोन पौंड आणि वर किंचित सरकला. पिशवी माझ्या हातात दिली, काटा परत आठ-एकवर.

“तराजू खरा आहे,” ते म्हणाले. “म्हणजे खोटं तुमच्या यंत्रात आहे. जा, विचार त्याला, एका स्टोनात पौंड किती ते.”

मी हसत ऑफिसात गेले. रिकाम्या ओळीत ८.१० टाकलं आणि बटण दाबलं.

८.१ झालं.

पुन्हा टाकलं. पुन्हा ८.१. शून्य गिळून यंत्र गप्प.

चौदा पौंडांचा स्टोन. आमच्या यॉर्कशरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. बाळ जन्मतं ते पौंडांत, म्हातारं होतं ते स्टोनमध्ये. पण गेल्या उन्हाळ्यात आणलेल्या त्या डबड्याला नऊच्या पुढे मोजता येत नव्हतं; टिंबापुढचं सगळं त्याला दशांश वाटायचं. दहा पौंडांचा त्याने एक केला. नोव्हेंबरात मिस्टर ऑक्सली आठ-सातवर उतरले, तर पडद्यावर ८.७! वजन वाढलं! त्या आकड्यावर विसंबून त्यांचं रात्रीचं कस्टर्ड बंद केलं होतं. म्हणजे कस्टर्ड खरंच पळवलं होतं. आणि तो आकडा टाकणारी बोटं माझी होती.

मिसेस पिंडरनी पडदा पाहिला, दार लावलं.

“पुढच्या आठवड्यात तपासनीस येताहेत, मॉरीन. ऑक्टोबरचं आठ-तीन करून टाक, दोनच पौंड उतरलेले दिसतील. कुणाला कळतंय?”

“मिस्टर ऑक्सलींना कळतं.”

“त्यांचं कोण ऐकतं गं? आणि नोंदीखाली नाव तुझं आहे, माझं नाही.”

“असू दे. माझंच आहे.”

त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलून, त्यांच्या समोरच मी डॉक्टरला लावला. नोकरी गेली तर गेली. कुणाचं जेवण चुकीच्या बेरजेवर तोडायचं आणि वर त्यालाच वेडा म्हणायचं, याला मी सेवा म्हणत नाही. तेव्हाही म्हटलं नाही, आता हे लिहितानाही म्हणणार नाही.

डॉक्टर आले. पोट दाबून बघितलं, दोनदा. मग हात धुताना त्यांनी विचारलं, “हे ख्रिसमसच्या आधी का नाही दाखवलंत?” मी सांगितलं.  ते फार वेळ हात धूत राहिले.

चार दिवसांनी सकाळी हॉस्पिटलची गाडी दारात आली. मिस्टर ऑक्सली तिच्याकडे न जाता वजनाच्या खुर्चीकडे निघाले. टाय होताच.

“शर्यतीनंतरचं वजन व्हायला पाहिजे. ते जुळल्याचं पुकारल्याशिवाय निकाल लागत नाही.”

जेवणघरात बायका टोस्ट खात होत्या. ते बसले. काटा थरथरत खाली उतरायला लागला, आणि मी मागून हात टेकवला. यावेळी जाणूनबुजून. काटा आठवर थांबला. पूर्ण आठ.

“हात काढ, मॉरीन.”

“राहू द्या ना.”

“काढ.”

काढला. सात स्टोन तेरा पौंड.

यंत्रात न टाकता मी ते एका वहीत शाईने लिहिलं, अक्षरांत, दशांशाचं टिंब न देता. त्यांनी चष्मा पुसून वाचलं, खाली सही केली. मग टायची गाठ सारखी केली, ताठ उभे राहिले आणि टोस्ट खाणाऱ्या सात बायकांकडे तोंड करून, भरल्या मैदानाला ऐकू जावं अशा आवाजात पुकारलं,

“वजन बरोबर!”