डावा गुडघा

"त्यांच्या त्या क्विलिननचा डावा गुडघा दिसतोय ना तुला?" कोचने व्हर्न नॉस्केची जर्सी छातीपाशी मुठीत धरली. "पट्टी बांधलीय बघ. आता झेलाला उडी मारलीस, की तुझा बूट त्या गुडघ्यावरच आदळला पाहिजे."

"बॉल सोडून?"

"बॉल गेला खड्ड्यात! का परत मेंढ्या भादरायला जायचंय?"

व्हर्नने जर्सी सोडवून घेतली. गव्हाच्या मुलखातला हा लोकर कापणारा गडी मेलबर्नच्या मोठ्या संघाकडून ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, चेंडू हातांनीही झेलायच्या खेळाचा, आज तिसराच सामना खेळत होता. तिकडे गाव रेडिओला चिकटलं असणार, आणि सगळ्यांत पुढे त्याचा बाप.

शेवटचं सत्र सुरू झालं. व्हर्नचा संघ जेमतेम चार गुणांनी पुढे होता, आणि एका गोलाचे गुण सहा. समोरच्या संघाचा पट्टीवाला क्विलिनन लंगडत व्हर्नच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"काय रे मेंढरांच्या न्हाव्या, तोंड का उतरलंय?"

शिट्टी होण्याच्या बेतात असताना चेंडू उंच उडाला आणि थेट त्यांच्याच डोक्यावर आला. क्विलिननने सगळा भार डाव्या पायावर घेतला. व्हर्नने एक पाऊल तिरकं टाकलं असतं तरी काम झालं असतं. कुंपणापलीकडून कोच ओरडला, "आत्ता!"

व्हर्न सरळ उडाला. चेंडू बोटांना लागला आणि ओल्या साबणासारखा निसटला. क्विलिननने तो खालच्या खाली उचलून लाथेने गोलच्या खांबांमधून धाडला. सामना गेला.

कपडे बदलायच्या खोलीत कोचने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "सोमवारी सरावाला येऊ नकोस."

गावच्या स्टेशनवर बाप उभा होता. त्याने पिशवीला हात लावला नाही.

"रेडिओवाला म्हणाला, तू कच खाल्लीस."

"म्हणू दे."

"मी विचारतोय. खाल्लीस?"

कोचचे शब्द व्हर्नच्या ओठांपर्यंत आले. पण हरल्यावर दुसऱ्याकडे बोट दाखवायचं त्याच्या जिवावर आलं.

"बॉल निसटला, बाबा."

पुढच्या शनिवारी तो गावच्या संघाकडून खेळला. मैदानाभोवती नेहमीसारख्या बघणाऱ्यांच्या गाड्या लागल्या होत्या; गोल झाला की भोंगे वाजवायची तिथली रीत. दुसऱ्याच मिनिटाला त्याने तिघांच्या डोक्यावरून चेंडू झेलला आणि गोल मारला. सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजले. बापाच्या गाडीचा तेवढा वाजला नाही. काचेआड बाप समोर बघत बसला होता.

व्हर्नने मोजे वर ओढले आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.