लेओकादियाची जुडी

सेव्हिलच्या कारखान्यात चिरूट वळायचे ते पुरुषांनीच. आजोबांनी वळले, बापाने वळले, मी बाल्तासार तीस वर्षं वळतोय. तर आमचा मुकादम एवारिस्तो, त्याने काय करावं? कादिसहून चाळीस बायका आणल्या! का, तर म्हणे आमचे चिरूट ओढून गिऱ्हाइकांचे गाल दुखतात.

त्यातली लेओकादिया नेमकी माझ्या शेजारी बसली. आतली पानं मुठीत नुसती दुमडायची, वरचं मोठं पान सर्रकन गुंडाळायची, टोकाला डिंकाचं बोट लावलं की झालं. खोटं कशाला बोलू, नुसता जळफळाट व्हायचा माझा. घरी ऑलिव्ह-पाव गोड लागेना.

शनिवारी एवारिस्तो मला आणि तिला म्हणाला, "तुम्ही दोघं एकेक जुडी आपापल्या बाकावर ठेवा. ज्याची सरस ठरेल, तो इथला वस्ताद. बाकीच्यांनी हाताखाली शिकायचं."

बाईच्या हाताखाली! मारियेआई, त्यापेक्षा मरण बरं. ती पाणी प्यायला उठली आणि मी जुड्या बदलल्या. हो, बदलल्या.

एवारिस्तोने माझ्या बाकावरचा एक चिरूट शिलगावला. "वा रे पठ्ठ्या! धूर कसा अलगद येतोय." मग तिच्या बाकावरचा ओढला, ओढला, आणि खोकायला लागला. "हा चिरूट आहे की खुंटी?" माझ्याच चिरुटाला खुंटी म्हणाला मेला, आणि मला हसावं लागलं.

लेओकादियाने दोन्ही जुड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाटलं, आता बोंब ठोकणार. ती आपल्या बाकावरची पानं सारखी करायला लागली.

"चला वस्ताद," एवारिस्तो म्हणाला, "असा कसा वळता, ते दाखवा सगळ्यांना."

चाळीस बायका भोवती जमल्या. पानं मुठीत घेतली आणि सवयीप्रमाणे करकचून आवळली. लेओकादिया मोठं पान द्यायच्या निमित्ताने वाकली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "काका, आवळू नका. पानांतून वारा जायला हवा. अंगठा सैल सोडा."

सोडला. तीस वर्षांत जमला नव्हता असा चिरूट माझ्या हातून उतरला. बायकांनी टाळ्या पिटल्या. तिनेही पिटल्या, अगदी मनापासून. मेलीने मला चारचौघांत उघडं पाडलं असतं, तर निदान तिच्यावर रागावता तरी आलं असतं.