ब्वूमच्या नाकपुड्या

ब्वूमच्या मुखवट्याला डोळ्यांची भोकं नसतात. आत शिरलेल्याला दिसतं ते नाकपुड्यांतून, म्हणजे फक्त जमीन आणि लोकांचे पाय. आमच्या नाचात राजाशी भांडणारा हा मुखवटा वीस वर्षं माझ्या थोरल्या भावाने, मिकोपेने नाचवला. त्याच्याच मयताला गावाने तो माझ्या डोक्यावर चढवला. जिवंतपणी मिकोपे मला चारचौघांत म्हणायचा, "बदकाचे पाय तुझे! माझ्या पायांकडे बघून शीक की जरा."

नाचताना माझा ताल चुकला. ढोल पुढे गेला, मी तिथेच. तेवढ्यात समोर दोन पाय आले, मयताला लावतात तशा तांबड्या पुडीने माखलेले. डाव्या पायाला करंगळी नव्हती. अख्ख्या गावात ती फक्त एकालाच नव्हती. ते पाय सावकाश नाचू लागले आणि मी त्यांच्या तालावर पाऊल टाकत गेलो. लोक ओरडले, "वा, अगदी मिकोपे!"

मुखवटा उतरवल्यावर मी मावशीला विचारलं, "माझ्यासमोर कोण नाचत होतं गं?"

"ब्वूमसमोर कोण येतंय मरायला?" असं म्हणत ती मला मिकोपेजवळ घेऊन गेली. तो चटईवर निजवलेला होता. मावशी त्याच्या नऊ बोटांच्या पायांशी वाकली आणि भडकलीच.

"सकाळी याच हातांनी पूड लावली होती मी. तळव्यांना अंगणातली माती कोणी फासली रे, मेल्यांनो?"

माझा ताल चुकला होता हे तिथे कबूल केलं असतं, तर मिकोपे हसला असता.