पाचांतला पाचवा

आम्हा शिखांत चुकलेल्याला शिक्षा ठरवायला पाच जण लागतात. अमृत घेतलेले म्हणजे दीक्षा झालेले, केस-दाढी राखलेले, आणि ज्यांच्या अंगावर स्वतःची लपवलेली चूक नाही असे. तेलुगू मुलखात नेरडीगोंड्याजवळ हायवेला लागून असलेल्या आमच्या गुरुद्वाऱ्याची संगत ती केवढी? सणाला चाळीस डोकी, त्यातली निम्मी लंगर जेवायला आलेली. शोधून शोधून चौघे मिळाले. पाचवा मी. मी जीवनसिंग, इथला ग्रंथी, चौदा वर्षं गुरू ग्रंथसाहेबांचा पाठ करतोय. मला कोण विचारणार, बाबा, तुझं काही आहे का? आणि ज्या चुकीचा निकाल द्यायचा होता, ती चूक माझी होती.

संगतीपुढे उभी राहणार होती निरंजन कौर. बाई जर्मनीची. तिथल्या एका योगवर्गात तिची शीख धर्माशी ओळख झाली, मग तिने अमृत घेतलं, नाव बदललं. नांदेडच्या दर्शनाला जाताना वाटेत आमच्याकडे लंगर जेवायला उतरली, परतीच्या वाटेवर पुन्हा आली आणि राहिलीच. खरं सांगतो, पहिले दोन महिने मला ती डोळ्यांसमोर नको व्हायची. पांढरेशुभ्र कपडे, माझ्यापेक्षा सुबक पगडी, सगळा पाठ तोंडपाठ. माझे खापरपणजोबा पंजाबातून निजामाच्या फौजेत आले, आणि माझी मुलगी पाचवीत गेली तरी सकाळच्या जपजी पाठाच्या चार पौड्यांपुढे, म्हणजे कडव्यांपुढे, जात नाही. तेलुगू कविता मात्र धडाधड म्हणते. मी पाठात कुठे अडखळलो की ही बाई मान वर करायची, पण बोलायची नाही. ते तर जास्तच झोंबायचं.

मग कापसाच्या दिवसांत माझा दमा उसळला. दोन ओळी म्हटल्या की धाप लागायची. तिने मला भिंतीला टेकवून बसवलं आणि श्वास कसा घ्यायचा, कसा सोडायचा ते रोज अर्धा तास शिकवलं. पंधरा दिवसांत मी न थांबता पाठ पुरा केला. त्या सकाळी मला रडू आलं, हेही सांगून टाकतो. तिने बदल्यात काही मागितलं नाही. फक्त विचारलं, सकाळच्या पाठानंतर तासभर लंगरची खोली मिळेल का, गावातल्या बायांना शिकवायला.

आमच्या गुरुद्वारा समितीचे प्रधान बसंतसिंग तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे हैदराबादला होते. मी किल्ली माझ्या हाताने दिली. वर ऐटीत म्हणालो, "प्रधानजी का मैं देख लूँगा."

प्रधानजी न कळवता परत आले. लंगरच्या खोलीत सात बाया उताण्या पडलेल्या, डोळे मिटलेले. त्यांनी "वाहेगुरू!" म्हणून ओरडाच केला. कापूस वेचून कंबर धरलेली जयवंताबाई पडल्या पडल्या म्हणाली, "हळू बोला ना बाबा, शरीर सैल सोडून राह्यलो आमी."

बाया गेल्यावर प्रधानजी कडाडले. "गुरूंनी जोग्यांसंगं वाद काऊन घातला मंग? आसनं लावून देव भेटत नाही, हे सांगाले ना? अन् ही गुरूच्या घरातच जोग मांडून बसली! किल्ली कोनं देल्ली हिले?"

निरंजन कौरने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्यांकडे पाहत राहिलो.

"खिळ्यावरून काढली असन," प्रधानजींनी स्वतःच ठरवलं. "कोनं देल्ली असन तर एक दिस ठेवत नाही त्याले इथं."

इथं म्हणजे मागच्या दोन खोल्या, जिथे माझा संसार आहे. मुलीची शाळा इथे, बायकोची शिवणाची मशीन इथे. ग्रंथीला काढलं की दुसरा गुरुद्वारा त्याला दारात उभं करत नाही. पहिला प्रश्न येतो, तिथून का काढलं?

प्रकरण पाचांपुढे न्यायचं ठरलं. बायको म्हणाली, "सांगून टाका ना तुमी."

"अन् राहू कुठं?"

"मंग पाचात तरी बसू नका. ते तर मोठं पाप हाय."

मी ते करून पाहिलं. प्रधानजींना म्हणालो, अंगात ताप आहे, मला वगळा.

"मंग टेकून बसा. पाचवा आनू कुठून?" ते म्हणाले. मग अगदी भोळेपणाने विचारलं, "का दुसरं काई कारन हाय?"

"नाही जी," मी म्हणालो. तिथेच अडकलो.

रविवारी कीर्तनानंतर आम्ही पाच जण बसलो. आमच्यातले रतनसिंग ट्रकवाले आधीच भडकले. "माह्या पोरानं केस कापले. ही तिकून सातासमुद्रापलीकडून येऊन केस राखते, पहाटे उठते. हिले शिक्षा देता तर माह्या पोराले काय देता?" प्रधानजी म्हणाले, "बाई चांगली हाय, म्या कधी नाही म्हनलं? पन जोग आपला नाही." खरं तर दोघांचंही मला पटत होतं. माझ्या मताची तिथे कुणाला गरज नव्हती, आणि ते द्यायला मला तोंडही नव्हतं.

निरंजन कौर हात जोडून उभी राहिली.

"यहाँ योग सिखाया, कबूल?" प्रधानजींनी हिंदीत विचारलं.

"कबूल. अब नहीं सिखाऊँगी."

"किल्ली बिना पूछे ली, कबूल?"

"नहीं. किल्ली मुझे दी गई थी."

"किसने?"

"वो खुद बोलेगा."

लोक एकमेकांकडे पाहत होते. माझ्याकडे कोणीच पाहत नव्हतं, कारण मी निकाल देणाऱ्यांत बसलो होतो. धाप लागली. तिने शिकवलेला श्वास घ्यायला गेलो, तर लाजेने तोही घेता येईना. मी बोललो नाही.

नाव लपवते म्हणजे हट्ट करते, असं ठरलं. अकरा दिवस संगतीचे जोडे पुसायची सेवा. आम्ही पाचही जणांनी होकार दिला. निकालानंतर अरदासची प्रार्थना करावी लागते, आणि ती ग्रंथीच करतो. मी उभा राहिलो, गुरू ग्रंथसाहेबांपुढे हात जोडले आणि खणखणीत आवाजात निरंजन कौरच्या चुकीची क्षमा मागितली. एकदाही धाप लागली नाही. सगळ्यांनी डोकं टेकलं. तिनेही टेकलं.

बाहेर आलो तर ती जोड्यांजवळ फडकं घेऊन बसलेली. माझ्या चपला पुसून तिने पुढे सरकवल्या आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "भाईजी, ग्यारह दिन हैं."

मी मान हलवली. वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, परवा मुलीची परीक्षा संपते, त्यानंतर.

आज दहावा दिवस. सकाळी तिने चपला पुसून माझ्यापुढे ठेवल्या. प्रधानजी शेजारीच उभे होते. मी चपलांत पाय घातले, "चला जी" म्हणालो आणि त्यांच्यासोबत चहा प्यायला गेलो.