साडूची भिंत

माझं आणि साडूचं घर एकाच भिंतीला टेकलेलं आहे. दोघी बहिणींनीच हट्टाने तसं घेतलं होतं. एकीने आपल्या स्वयंपाकघरातून भिंतीवर डाव वाजवला की दुसरी पलीकडून ओ द्यायची. विटेचा एकच थर, सगळं ऐकू जायचं.

बायको गेल्यापासून माझ्या बाजूचा डाव वाजत नाही. पण पलीकडे मेहुणी बोलते. दोघींचा आवाज पहिल्यापासून सारखा. फोनवर मीसुद्धा फसायचो. भिंतीतून येताना शब्द विटांतच राहायचे आणि नुसता आवाज यायचा. तो माझ्या बायकोचा असायचा.

साडू जेवायला बसला की मेहुणी बोलायला लागायची. तेवढा वेळ मी टीव्ही बंद ठेवायचो. एरवी माझा टीव्ही मोठा असतो. जन्मभर बस चालवली, इंजिनाशेजारी बसून सगळंच मोठ्याने करायची सवय लागली. साडू भिंतीवर बुक्की मारायचा, मग मी आवाज कमी करायचो.

मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. माझ्या वाट्याला भिंतीतून येईल तेवढं, आणि त्याच्यासमोर अख्खी बाई बसलेली. आणि हा गडी तिला नुसतं ‘हं’ म्हणायचा. ते ‘हं’सुद्धा मला ऐकू यायचं.

हेवा तसा जुनाच. साडू सुतार आहे. त्याने गच्चीवर लाकडाची खोली बांधली तेव्हा मी म्हणालो होतो, “खोली कसली, खोकं आहे. मांजर चाललं तरी वाजेल.” त्याने भिंतीला दोन वेगळ्या चौकटी केल्या, एकमेकींना कुठेही न लागणाऱ्या. मध्ये लाकडाच्या तंतूंच्या गाद्या दाबून भरल्या. जमीन रबराच्या पट्ट्यांवर ठेवली. खाली रस्त्यावर ट्रक गेला की माझ्या घरातली भांडी हलायची, आणि त्या खोलीत कपडा पडल्यासारखं व्हायचं.

बायको आजारी पडली तेव्हा तिला माझ्या घरात झोप लागेना. ती त्या खोलीत जाऊन झोपायची. मेहुणी खाली येऊन सांगायची, “भाऊजी, ताई गाढ झोपलीय.” मला बरं वाटायला हवं होतं. माझ्या मनात यायचं, माझी बायको, आणि झोप देतो साडू.

परवा साडू दारात आला. “लेक बाळंतपणाला येतेय. तुझ्या टीव्हीने पोर दचकायला नको. मधल्या भिंतीला आमच्या बाजूने लाकडाची भिंत घालतोय. साडूभाऊ, धरायला ये.”

“आहे ती भिंत काय वाईट आहे?”

“ती भिंत नाही, चाळणी आहे.”

मी टीव्ही लहान ठेवीन म्हणालो. “तू?” म्हणाला आणि हसत गेला.

धरायला गेलो. न जाऊन सांगणार काय? त्याने विटेच्या भिंतीपासून चार बोटं सोडून चौकट उभी केली. चौकट सरकू नये म्हणून मध्ये ठिकठिकाणी पाचरी ठोकल्या होत्या. चौकट खालीवर पक्की झाल्यावर म्हणाला, “आता पाचरी काढ. एकही राहता कामा नये. आवाजाला टेकायला एवढंसं लाकूड मिळालं तरी तो पलीकडे जातो. मग सगळी मेहनत फुकट.”

मी पाचरी काढत गेलो. मागून तो गाद्या भरत आला. कोपऱ्यातली शेवटची पाचर मी धरली, पण ओढली नाही.

“निघत नाही का?”

“राहू दे ना एक.”

त्याने हातातली गादी खाली ठेवली. मेहुणी बाजारात गेली होती. तरी तो हळू बोलला.

“ही बोलायला लागली की तुझा टीव्ही बंद होतो.”

माझा हात पाचरीवरच होता.

“बंद झालेलं पण ऐकू येतं रे. मला वाटलं, असेल योगायोग. मग रोजचंच झालं. मी तिला सांगितलं नाही.” त्याने हातावरचा लाकडाचा भुसा पँटला पुसला. “माझा घास घशात अडकतो. ती माझ्याशी बोलतेय आणि पलीकडे तू बसलायस कान लावून. मी तिचं एवढं लक्ष देऊन कधी ऐकलं नाही.”

“म्हणून ही भिंत?”

“लेक येतेय म्हणून. आणि त्यामुळेही.”

हा माणूस माझा हेवा करत होता. हसू यायला हवं होतं. मला मात्र परत त्याचाच हेवा वाटला. बायको समोर बोलतेय आणि आपण ऐकत नाही, ही चैन त्यालाच परवडणार. मी पाचर ओढून त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती खिशात घातली, गादी भरली आणि वर दुहेरी फळ्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला मी सवयीने टीव्ही बंद केला. काही आलं नाही. भिंतीला कान लावला. वीट गार लागली, एवढंच.

थोड्या वेळाने दार वाजलं. मेहुणी उभी होती.

“भाऊजी, किती वेळ डाव वाजवतेय. लेक उद्याच येतेय, सांगायचं होतं. ऐकू येत नाही का?”

“नाही येत.”

“बाई, असं झालंय होय,” ती म्हणाली आणि लेकीचं, गाडीचं, सामानाचं सांगत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. शब्द होते, तोंड होतं, आणि त्यात माझ्या बायकोचं काहीच नव्हतं. ती मेहुणीच होती.

“आत ये ना.”

“नको. हे पान वाढून बसलेत. मी गेल्याशिवाय जेवायचे नाहीत.”

“कधीपासून?”

“कालपासूनच. काय झालंय कोण जाणे, एकेक गोष्ट दोनदा विचारतात.”

ती गेली. मी दार लावलं. टीव्ही लावला आणि आवाज जेवढा चढतो तेवढा चढवला. खिडकीची काच थरथरायला लागली. बराच वेळ वाट बघितली. भिंतीवर कुणी बुक्की मारली नाही.