शाळा फाट्याचा हिरवा रकाना

ऑगस्टमध्ये माझ्या भावाला, अमरेशला, एकाच महिन्यात वेगाच्या दंडाची चार चलनं आली. चारही मोबाइलवर, फोटोसकट. फोटोत त्याची पिकअप, खाली तारीख, वेळ आणि वेग. चौथ्या मेसेजनंतर त्याने मला सोलापूरला फोन केला.

"शिवले, तू एवढी एमेस्सी झालीस की. ह्या बगळ्याचं काय तर गणित घाल."

बगळा म्हणजे वेग मोजणारी पोलिसांची पांढरी गाडी. रस्त्याकडेला न हलता उभी असते, म्हणून अक्कलकोट-दुधनी रस्त्यावरचे पिकअपवाले तिला बगळा म्हणतात. हे लोक खेड्यांतून मूग, उडीद, तूर दुधनीच्या बाजारात आणतात. जो आधी गेटवर पोचतो त्याचा माल आधी उतरतो. मागे राहिला त्याचा सौदा दुसऱ्या दिवसावर जातो. म्हणून सकाळी सव्वादहाच्या सुमारास सगळे एकामागे एक सुटलेले असतात.

त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. ज्याला बगळा दिसेल त्याने जागा टाकायची. अमरेशने आपला जुना फोन सिमसकट मला दिला होता, त्या नंबरवर मीही ग्रुपात होते. दिवसा मी प्रयोगशाळेत मातीच्या नमुन्यांचे आकडे भरायची. संध्याकाळी हे आकडे भरू लागले: जागा, वार, वेळ, कळवणाऱ्याचं नाव. कोणी फुशारकीने वेग लिहिला असेल तर तोही. दसऱ्यापर्यंत दोनशे अकरा नोंदी झाल्या. बगळा जिथे बसतो त्या रकान्यांना मी लाल रंग दिला, बसत नाही त्यांना हिरवा. शाळा फाटा पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवा होता. तिथे एकही झाड नाही, आणि बगळ्याला सावली लागते.

तक्ता ग्रुपात गेला आणि चलनं थांबली. बिलाल नावाच्या ड्रायव्हरने आमच्या घरी पेढे पाठवले.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आई, म्हणजे आमची अव्वा, भाकरी थापता थापता म्हणाली, "फाट्यावर गाड्या लई जोरात यायल्यात गं अलीकडं."

अव्वा त्या फाट्यावरच्या शाळेत खिचडी शिजवते. जीप तिला दहा वीसला रस्त्याच्या अलीकडे सोडते, शाळा पलीकडे. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले आणि मोबाइलवर वेळ मोजली. तिचे गुडघे दुखतात. सात मीटर रस्ता ओलांडायला तिला नऊ सेकंद लागले. अक्कलकोटकडून वळण आहे, वळणावरची गाडी फाट्यावरून एकशे ऐंशी मीटरवर दिसते. ताशी साठने येणारी गाडी नऊ सेकंदांत दीडशे मीटर येते. शंभरने येणारी अडीचशे.

म्हणजे रस्ता मोकळा बघून अव्वाने पाऊल टाकलं, तरी शंभरवाली गाडी ती पलीकडे जायच्या आत तिच्यापर्यंत पोचणार.

तक्त्यात मी नोंदी भरतच होते; त्या पुन्हा पाहिल्या. तक्त्याआधी फाट्यावर लिहिलेला सर्वांत जास्त वेग बहात्तर होता. तक्त्यानंतर एकशे आठ. नोव्हेंबरात तिथे एक कुत्रं मेलं. डिसेंबरात एक वासरू, आणि एका सायकलवाल्याचं मागचं चाक गेलं. "वाचला बेणं," कोणीतरी लिहिलं होतं, आणि त्याखाली हसणारे चेहरे होते.

"अण्णा, त्यांना सांग, फाट्यावर हळू जा," मी अमरेशला म्हणाले.

"मी सांगितलं तर ऐकत्यात व्हय? बगळ्याला भितात ते, मला न्हाय."

ते मला पटलं. जानेवारीत मी जुन्या फोनवरून रोज दहा वाजता लिहू लागले: शाळा फाटा, बगळा बसलाय.

तीन दिवस सगळे हळू गेले. अव्वा फोनवर म्हणाली, "सुधारली बघ माणसं." चौथ्या दिवशी बिलालचा आवाज ग्रुपात आला.

"काय अमरेशभाई! आमाला ब्रेक मारायला लावून सोता पैला गेटवर? तितं कुत्रं बी न्हाय, बगळा कुटला! लई हुशार की!"

नंबर अमरेशचा होता, त्यामुळे खोटं त्याच्या नावावर पडलं. त्या दिवशी गेटवर त्याची कॉलर धरली गेली. संध्याकाळी त्याने ग्रुपात लिहिलं: हे माझी बहीण टाकत होती. फाट्यावर बगळा कधीच नसतो. बिनधास्त जावा.

मग मला फोन केला.

"माझं नाव घालवलंस तू."

"अण्णा, अव्वा ओलांडते तिथे."

"वीस वर्सं वलांडती. तू आता शिकवणार तिला?"

त्याने मला ग्रुपातून काढलं. त्यानंतर त्या रस्त्यावर काय चाललंय ते मला कळेना. संक्रांतीच्या सुट्टीत बाजार दोन दिवस बंद राहिला. उघडला त्या सकाळी मी प्रयोगशाळेत होते. तीन दिवसांचा माल एकदम निघाला असणार. शाळाही त्याच दिवशी उघडत होती.

पावणेदहाला अव्वाला फोन लावला, पण जीपमध्ये तिला पिशवीतला फोन ऐकू येत नाही. मी स्कूटी काढली. फाटा अठ्ठावन्न किलोमीटर, हातात पस्तीस मिनिटं. ताशी शंभर लागले असते, आणि माझी स्कूटी ऐंशीच्या पुढे जात नाही. तरी निघाले.

शहराबाहेर पडता पडता एका हवालदाराने काठी आडवी केली.

"काय मॅडम, इमान चुकतंय का? हेल्मेट कुटंय?"

मी दंड भरते म्हणाले, आणि फोनवरचा तक्ता त्याच्यासमोर धरला. बगळा आत्ता फाट्यावर पाठवा, एवढंच सांगायचं होतं. पण मध्ये अव्वा आली, वळण आलं, नऊ सेकंद आले. त्याने फोन हातात घेऊन तक्ता वर-खाली सरकवला. हसणं बंद झालं.

"आमची गाडी कवा कुटं असती ते आमाला बी एवढं म्हाईत न्हाय. कुणी केलं हे?"

"मी."

"आन् हे अमरेश, एकशे चार?"

"माझा भाऊ."

"पोरी, हे माझ्याकडं आलं की मी वर पाठवणार. पैलं लायसन ह्याचंच जाईल. बघ."

"घ्या," मी म्हणाले आणि त्याच्या नंबरवर तक्ता पाठवला.

तो बाजूला जाऊन बोलू लागला. दोन फोन झाले, तिसरा लागेना. शेवटी हात वर करून त्याने मला सांगितलं, "गाडी निघाली. चाळीस मिंटं."

दहा एकोणीस झाले होते. मी अव्वाला फोन लावला. आठव्या रिंगला तिने उचलला. मागे वारा होता.

"काय गं ह्या येळंला? पिशवीतनं फोन काडाय थांबले बघ."

"कुठे थांबलीस?"

"रस्त्यात की."

लांबून हॉर्न आला. आवाज चढत चढत गेला आणि एकदम खाली पडला. मी ओरडत होते. पलीकडे काही सेकंद नुसता वारा.

"गेली," अव्वा म्हणाली. तिला धाप लागली होती. "मागं सरले म्हणून. दिसत न्हाय का मेल्याला! पिकअप हुती."

"आता कुठे आहेस?"

"कडंला हाय."

"तिथेच थांब. अव्वा, ऐक, हलू नकोस. ती पहिली होती. मागे अजून आहेत, रांगेने येतात."

"व्हय व्हय, थांबते," ती म्हणाली. "एक चप्पल तेवडी मदी ऱ्हायली. घिऊन येते."