दशम्यांच्या गाठोड्यातली झोळी

मित्रांनो, मला झोळी म्हणतात, पण जन्मानं मी झोळी नाही. मी जांभळ्या काठांची सुती साडी होते. हे मुद्दाम सांगते, कारण गाठी सोडल्या की मला कोणी ओळखत नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

वर्षाराणीच्या बाबांनी मला रिसोडच्या बाजारातून आणलं. जऊळक्याला, तिच्या माहेरी, तिच्या अंगावर नेसून नेसून मी मऊ झाले. बाळंतपणाला ती माहेरी आली तेव्हा तिला माझ्याशिवाय दुसरं कापड अंगाला सोसत नसे. रूपा जन्मली आणि तिच्या आजीनं मला छताच्या कडीला बांधलं. आमच्याकडे झोळी कधी कोऱ्या कापडाची बांधत नाहीत. लेकराला आईच्या अंगाचा वास लागतो. पुढे रूपाबरोबर मीही केनवडला, तिच्या वडलांच्या घरी आले.

तिथं माझं कौतुक काय सांगू! शेजारच्या बाया यायच्या, म्हणायच्या, "पोट्टी झोळीत टाकली का झोपलीच व!" मी फुगून जायचे. माझ्यावाचून या घराचं पान हलत नाही, असं मला वाटायला लागलं. फडक्यानं एवढं फुगू नये, पण फुगले खरी.

मात्र एक गोष्ट मला दिसायची. रूपा झोपायची, पण वर्षाराणी झोपत नसे. झोका थांबला की पोर जागी व्हायची, म्हणून माझी दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ती भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायची. तिचा नवरा विनोद गावात कृषी केंद्र चालवतो. माणूस वाईट नाही. दोरी बायकोच्या पायालाच असते, एवढीच त्याची समजूत होती. दुकानातून यायचा, पोरीचा गाल ओढायचा आणि जेवायला बसायचा. महिने गेले, रूपाचं उष्टावण झालं, ती वरचं दूध प्यायला लागली. वर्षाराणीचे डोळे मात्र खोल खोल जात राहिले.

एका दुपारी ती रूपाला कडेवर घेऊन दारात उभी होती. डोळे उघडे होते, पण हात सुटले. सासू रंगूबाई शेजारीच धान्य पाखडत होती म्हणून बरं. तिनं सूप फेकलं आणि पोरीला वरच्या वर झेललं.

वर्षाराणी तिथंच खाली बसली. रडायचंही तिच्यात त्राण नव्हतं. म्हणाली, "आत्याबाई, मले झोप येत नाई, अन् जाग बी राहात नाई. एक दिवस लेकरू माह्या हातून जाईन."

मित्रांनो, मी कडीला लटकले होते आणि माझ्या धाग्याधाग्यातून भीती फिरली. ही बाई संपत चालली होती, आणि मी रोज तिच्या पायाला दोरी बांधून घेत होते.

त्याच सुमारास दुकानाला फवारणीची औषधं पुरवणाऱ्या कंपनीनं विनोदला समुद्राकाठची सहल दिली. जोडीनं जायचं, मोठ्या रिसॉर्टवर राहायचं. विनोद नको म्हणत होता. रंगूबाई त्याच्यावरच उखडली. "काहून नाई? तिले घेऊन जाय. लेकरू मी पाहतो. तिथं तिले काई दाखवू नको, फिरवू नको. फक्त झोपू दे."

आता रंगूबाईचा एक हट्ट आहे. हाटेलाच्या अन्नावर तिचा विश्वास नाही. प्रवासाला निघणाऱ्याच्या हाती तिच्या दुधातल्या दशम्या असतातच, आणि त्या जुन्या मऊ लुगड्यातच बांधायच्या, म्हणजे नरम राहतात. निघायच्या सकाळी मी धुऊन, गाठी सोडून, वलणीवर वाळत होते. शेजारी तिचं शिदोरीचं लुगडं होतं. दारात ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. रंगूबाईनं हात घातला आणि मला ओढलं. आतमध्ये दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली, वरून घट्ट गाठ मारली.

अगं, मी रूपाची झोळी आहे! पण फडक्याला तोंड असतं का? ऑटो निघाला. मागं रूपा आजीच्या कडेवर हात हलवत होती, आणि मी चटणीच्या वासात कोंडून तिच्यापासून दूर दूर चालले होते. जऊळक्याहून आगगाडी, मग दुसरी गाडी, मग बस. गाड्या बदलायच्या धांदलीत माझी गाठ कोणी सोडलीच नाही. मनात एकच, आज पोर कशात झोपेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो. खोलीसमोरच समुद्र होता. पांढरीशुभ्र गादी होती. वर्षाराणी त्या गादीच्या कडेला बसली आणि बसूनच राहिली. झोप येईना. पायाचा अंगठा आपोआप मागेपुढे हलत होता, दोरी नसतानाही. विनोदनं ते पाहिलं. मला वाटतं, त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

"खाऊन घे थोडं," म्हणत त्यानं गाठ सोडली आणि मला झटकून गादीवर टाकलं. वर्षाराणीनं मान वळवली. मला हाती घेतलं, नाकाशी धरलं. धुतलं तरी माझ्यात रूपा उरली होती.

"अवो, हे तं इथं कशी..." एवढंच ती बोलली. पुढचा शब्द तोंडात असतानाच ती माझ्यावर कलंडली आणि झोपली. केवढी गाढ झोप! मी गालाखाली होते, मला तिचा श्वास लागत होता. किती महिन्यांनी तो असा संथ चालला होता.

आणि फोन वाजला.

विनोदनं घाईनं उचलला. पलीकडे रूपा रडत होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. रंगूबाई म्हणाली, "झोळी कुठी ठेवली रे बाप्पा? कालपासून पोट्टी झोपली नाई. दूध तोंडाले लावू देत नाई. चादर बांधून पाह्यली, तुह्यं धोतर बांधून पाह्यलं. फेकून देते अंग."

विनोदनं माझ्याकडे पाहिलं. "माय, झोळी इथं हाय. दशम्या बांधल्या तू तिच्यात."

रंगूबाईचा आवाज आला, आणि तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता. "माह्यानं नाई होऊन राह्यलं रे विनोद. लेकरू सुकून राह्यलं."

"वर्षाले उठवतो. आमी निंगतो."

"झोपली काय ते?"

"आत्ताच झोपली."

"मंग खबरदार तिले हात लावशीन तं."

मित्रांनो, माझे दोन्ही काठ त्या वेळी दोन बाजूंनी ओढले जात होते. वर्षा, ऊठ गं, पोर तुझी उपाशी आहे. वर्षा, उठू नको गं, उठलीस तर तू संपशील. ज्या पोरीसाठी मी जगले ती तिकडे टाहो फोडत होती, आणि मी इकडे समुद्राकाठी उशीसारखी पडले होते. माझ्याइतकं निरुपयोगी कापड जगात नसेल.

फोनमधून लोखंडी पेटीचं झाकण वाजलं. विनोद ताडकन उभा राहिला. "माय, ते लुगडं नको काढू."

त्या पेटीत काय आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाईला शेवटच्या प्रवासाला माहेरचं लुगडं नेसवतात. रंगूबाईचा भाऊ देवमन यानं किन्हीराजाहून आणलेलं लुगडं तिनं त्यासाठी जपून ठेवलं होतं. कोणाला हात लावू देत नसे.

"मेल्यावर मले काय समजते?" ती म्हणाली. "पण कोरं हाय, कडक हाय. थांब, आधी नेसतो."

आणि मित्रांनो, मरणासाठी ठेवलेलं ते लुगडं तिनं जिवंतपणी नेसलं. नातीला पदरात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि अंगणात फेऱ्या घालायला लागली. फोन कमरेला खोचलेला असावा. आम्हाला तिची पावलं ऐकू येत होती, धाप ऐकू येत होती, आणि रूपाचं रडणं. विनोद जमिनीवर बसून कानाशी फोन धरून होता. त्याचे डोळे गळत होते. पुष्कळ वेळानं रडण्याचे हुंदके झाले. मग वाटीवर चमचा वाजला. मग काहीच वाजेना.

"प्याली," रंगूबाई हळूच म्हणाली. "झोपली. आता तू बी फोन ठेव."

वर्षाराणी ऊन कलल्यावर उठली. पहिला शब्द "रूपा?" विनोदनं तिला सगळं सांगितलं, लुगड्यासकट. ती मला तोंडावर धरून खूप रडली. परत निघू म्हणाली. पण फोनवर सासूनं एकच विचारलं, "झोप झाली काय व? नाई ना? मंग परत झोप." ते राहिले. ती झोपली, जेवली, पुन्हा झोपली. समुद्राकडे तिनं फारसं पाहिलंच नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा कडीला ते लुगडं झुलत होतं. दुधाचे डाग पडून ते मऊही झालं होतं. त्यात रूपा झोपली होती, आणि तिला माझी आठवण नव्हती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? विनोद चपला काढून थेट झोळीपाशी गेला, खाली बसला आणि त्यानं दोरी स्वतःच्या अंगठ्याला बांधली. त्या दिवसापासून ती तिथंच असते.

रंगूबाईनं माझी घडी घातली. "हे आता पेटीत ठेवतो," ती सुनेला म्हणाली. "मले न्याच्या वक्ती हेच नेसवजा. माहेरचंच तं हाय, तुह्या माहेरचं असलं म्हणून काय झालं?"

तेव्हापासून मी या पेटीत आहे, मित्रांनो. अंधार आहे, पण तक्रार नाही. इथून मी ज्या दिवशी बाहेर निघेन तो दिवस कसला असेल, हे मला माहीत आहे, आणि तो मला इतक्यात नको आहे. म्हणून हात जोडून सांगते, तुमच्या घरातली दोरी कोणाच्या पायाला आहे ते एकदा बघा आणि थोडा वेळ ती आपल्या हाती घ्या. बायका थकून लवकर जाऊ नयेत. मला या पेटीत खूप वर्षं पडून राहायचं आहे.